उरलेले अन्न: वाया न घालवता आणि आजारी न पडता कसे वापरावे?

अन्न टाकू नये, ही शिकवण बहुतेक मराठी घरांत लहानपणापासून मिळते. शिकवण योग्यच आहे, पण तिचा अर्थ अनेक घरांत दोन चुकीच्या प्रकारे लावला जातो. भूक नसताना उरलेले संपवले जाते, किंवा खराब होत आलेले अन्न ‘गरम केले की चालते’ म्हणून वाढले जाते. पहिल्या सवयीने वजन आणि साखर वाढते, दुसऱ्या सवयीने पोट बिघडते. अन्न वाचवायचे तर ते स्वयंपाकाआधी मोजून आणि स्वयंपाकानंतरच्या दोन तासांत नीट ठेवून वाचते. तिसऱ्या दिवशी वाटी नाकाशी नेऊन ‘खावे की टाकावे’ असा विचार करेपर्यंत उशीर झालेला असतो.

थोडक्यात

- शिजवलेले अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात ही मर्यादा १ तास धरावी.
- भात फ्रिजमध्ये ठेवला तरी २४ तासांत संपवावा.
- वास आणि चव चांगली आहे म्हणजे अन्न सुरक्षित आहे असे नाही.
- उरलेले अन्न एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करावे.
- बुरशी आलेले शेंगदाणे, धान्य, ब्रेड, लोणचे पूर्ण टाकावे.
- पोट भरल्यावर उरलेले खाणे म्हणजे अन्न वाचवणे नव्हे.

अन्न किती वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील साधारण ६० टक्के घरांमधले होते. हॉटेले, लग्नकार्ये आणि दुकाने यांचा वाटा घरांपेक्षा कमी निघाला. भारतीय घरांसाठी त्यात माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो असा अंदाज दिला आहे. या आकड्यात साली, देठ, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तरीही चार माणसांच्या घरासाठी तो वर्षाला दोन क्विंटलांहून अधिक होतो.

उरलेले ‘पोटात टाकणे’ म्हणजे वाचवणे का नव्हे?

वजन किंवा साखर वाढलेल्या रुग्णाला आहार विचारला तर तो साधारणतः ताटातले पदार्थ सांगतो. ‘आणि उरलेले कोण संपवते?’ असे विचारल्यावर खरा हिशेब पुढे येतो. बहुतेक घरांत ते काम आईकडे, सुनेकडे किंवा आजीकडे असते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, ‘एवढ्याशासाठी काय ठेवायचे’ म्हणून खाल्लेली भाजी, हे कुणी जेवण म्हणून मोजत नाही.

मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १०० कॅलरी असतात. रोज एक उरलेली पोळी जास्त खाल्ली तर महिन्याला ३,००० कॅलरी जास्त जातात. मधुमेह असेल तर तोच भात आणि तीच पोळी जेवणानंतरची साखर वाढवतात आणि औषधाचा डोस अपुरा पडतो आहे असे वाटू लागते.

शरीराला गरज नसलेले अन्न पोटात गेले तरी ते वायाच गेलेले असते, शिवाय त्याचा त्रास सोसावा लागतो. म्हणून उरलेले अन्न डब्यात भरून ठेवावे आणि पुढच्या जेवणात मोजून घ्यावे. तसेच शिळे संपवण्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीवर टाकू नये. उरले असेल तर ते सर्वांच्या पानात थोडे थोडे वाढावे.

वासावरून का कळत नाही?

अन्नाला वास आणणारे, ते आंबवणारे किंवा चिकट करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वेगळे असतात. त्यामुळे अन्न दिसायला आणि चवीला उत्तम असूनही त्रास देऊ शकते.

‘उकळले की जंतू मरतात’ हेही अर्धेच खरे आहे. तीन उदाहरणे पाहू.

- भात: तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवतानाही टिकून राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यांपासून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. अशा भाताने साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिल्याने तो सुरक्षित होत नाही, तो याचमुळे.
- खव्याची मिठाई, हाताने कालवलेले पदार्थ: आपल्या त्वचेवर, नाकात आणि जखमांमध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू असतो. हातातून तो अन्नात जातो. याचेही विष उष्णतेला दाद देत नाही.
- मोठ्या पातेल्यातले मटण, रस्सा, उसळ: मोठे पातेले मधोमध कित्येक तास कोमट राहते. अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू झपाट्याने वाढतो. कार्यक्रमातल्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी अनेकांना एकदम पोटदुखी आणि जुलाब होतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

जंतू सर्वांत वेगाने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात. आपल्या स्वयंपाकघराचे तापमान वर्षभर याच पट्ट्यात असते.

स्वयंपाकानंतरचे पहिले दोन तास

1. सर्वांचे जेवण होईपर्यंत पातेली उघडी ठेवू नयेत. उशिरा येणाऱ्याचा वाटा आधीच काढून फ्रिजमध्ये ठेवावा.
2. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवू नये. अन्न लहान, उथळ डब्यांत काढावे, म्हणजे लवकर थंड होते. भात ताटात पसरून ठेवला तर लवकर निवतो.
3. अन्न पूर्ण थंडगार होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. वाफ गेली की झाकण लावून ठेवता येते.
4. उष्टे अन्न उरलेल्या अन्नात मिसळू नये. वाढण्यासाठी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. तोंडाला लावलेला चमचा पातेल्यात घालू नये.
5. कच्चे मटण, चिकन, मासे सर्वांत खालच्या कप्प्यात झाकून ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी शिजवलेल्या अन्नावर गळणार नाही.
6. फ्रिज खच्चून भरू नये. आत हवा फिरली नाही तर थंडपणा पोहोचत नाही. आतले तापमान ५ अंशांच्या खाली हवे.

वीज गेली तर: दार बंद ठेवल्यास फ्रिजमधले अन्न साधारण ४ तास थंड राहते. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर दूध, शिजवलेले अन्न, मांस, मासे यांबाबत धोका पत्करू नये.

कोणता पदार्थ किती काळ ठेवावा?

परदेशी मार्गदर्शनात शिजवलेल्या बहुतेक अन्नासाठी फ्रिजमध्ये ३ ते ४ दिवसांची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे फ्रिज दिवसभर उघडला जातो आणि अनेक गावांत वीजही जाते, म्हणून पुढील मर्यादा त्याहून कडक ठेवल्या आहेत.

- भात, खिचडी, पुलाव: २४ तास.
- वरण, आमटी, उसळ, शिजवलेली भाजी: २ दिवस.
- चिकन, मटण, अंड्याचा रस्सा: १ ते २ दिवस.
- माशांचे कालवण: दुसऱ्या दिवसापर्यंत.
- ओल्या नारळाची चटणी: दुसऱ्या दिवसापर्यंत.
- कोशिंबीर, चिरलेली फळे: त्याच दिवशी.
- मळलेली कणीक: झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये १ दिवस.
- पोळी, भाकरी: यांत पाणी कमी असल्याने डब्यात, कापडात गुंडाळून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतात. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका आहे का ते पाहावे. पुरणपोळी किंवा सारण भरलेला पराठा मात्र फ्रिजमध्येच ठेवावा.

डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली तर ‘हे कधीचे आहे?’ हा प्रश्न राहत नाही.

पुन्हा गरम कसे करावे?

- जेवढे खायचे तेवढेच काढून गरम करावे. संपूर्ण पातेले रोज गरम करून परत ठेवू नये.
- आमटी, रस्सा, उसळ चांगली उकळी येईपर्यंत तापवावी. कोरडी भाजी आणि भात मधोमध वाफ येईपर्यंत परतावा. अन्नाचे तापमान आतपर्यंत ७० अंशांच्या वर जायला हवे. कोमट करणे पुरेसे नाही.
- मायक्रोवेव्हमध्ये अन्न काही ठिकाणी तापते आणि काही ठिकाणी थंड राहते. मध्येच एकदा बाहेर काढून ढवळावे.
- एकदा गरम केलेले अन्न उरले तर ते पुन्हा ठेवू नये.

काय टाकावेच लागते?

- बुरशी आलेले शेंगदाणे, मका, सुके खोबरे, धान्य: काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पूर्ण जात नाही. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली आणि शंभरहून अधिक मृत्यू झाले. काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे वेचून टाकावेत आणि ते जनावरांनाही घालू नयेत.
- बुरशी आलेला ब्रेड आणि लोणचे: हिरवा भाग काढून उरलेले वापरू नये. बुरशीचे तंतू न दिसता आतवर गेलेले असतात.
- हिरवे पडलेले बटाटे: थोडा हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून उरलेला बटाटा वापरता येतो. बराचसा हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा टाकावा.
- फुगलेले डबे आणि पाकिटे: हवाबंद डबा फुगला असेल तर चव घेऊनही पाहू नये.
- वारंवार तळलेले तेल: काळे, घट्ट, फेसाळणारे किंवा लवकर धुरणारे तेल टाकावे. एकदा तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, त्यात पुन्हा तळण करू नये.

काय उगाच टाकले जाते?

- ‘बेस्ट बिफोर’ उलटलेली पाकिटे: ही तारीख मुख्यतः चव, रंग आणि कुरकुरीतपणासाठी असते. बंद, कोरडे आणि नीट ठेवलेले बिस्कीट किंवा पोहे त्या दिवशी लगेच घातक होत नाहीत. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख मात्र सुरक्षिततेची असते, ती पाळावी. पाकीट उघडल्यावर दोन्ही तारखांचा उपयोग संपतो.
- साली आणि देठ: दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी आपल्याकडे जुनीच आहे. फ्लॉवरचे कोवळे देठ, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या भाजीत, आमटीत किंवा थालीपिठात जातात. आधी स्वच्छ धुवावे.
- कोमेजलेल्या भाज्या: मलूल झाल्या तरी सडलेल्या नसतील तर सूप, सांबार, पराठ्यासाठी चांगल्या असतात. बुळबुळीत झालेल्या टाकाव्यात.
- जास्त पिकलेली केळी: शिकरण किंवा घावन करता येते. मधुमेह असलेल्यांनी मात्र ‘वाया जाईल’ म्हणून दोन-तीन केळी एकदम खाऊ नयेत.
- शिळी पोळी: फोडणीची पोळी हा नाश्ता होऊ शकतो. तेल मोजून घालावे आणि मटकी किंवा मटार टाकावेत, म्हणजे प्रथिने मिळतात. गूळ-तूप घालून केलेला पोळीचा लाडू मधुमेहींसाठी नाही.
- आंबट ताक आणि दही: कढी करता येते. दही, ताक, आंबील, इडलीचे पीठ हे मुद्दाम आंबवलेले पदार्थ आहेत. त्यांतले आम्ल अनेक घातक जंतूंना रोखते. वरण किंवा भाजी आपोआप आंबणे हा वेगळा प्रकार आहे, ती टाकावी.

मुळात कमी उरावे म्हणून

- मोजून शिजवा. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. घरात किती वाट्या लागतात हे आठवडाभर पाहिले की अंदाज पक्का होतो.
- पोळ्या करण्याआधी विचारा. ‘किती घेणार?’ हा प्रश्न कणीक मळण्याआधी उपयोगाचा असतो, पोळ्या झाल्यावर नव्हे.
- आग्रह टाळा. पाहुण्यांना आणि मुलांना आधी कमी वाढावे, हवे असल्यास पुन्हा द्यावे. ‘ताट स्वच्छ कर’ असा धाक मुलांना पोट भरल्याची जाणीव विसरायला लावतो.
- पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्या. आठवडी बाजारात स्वस्त मिळाली म्हणून चार जुड्या घेतल्या आणि दोन टाकल्या, तर ती स्वस्त पडत नाही. कोथिंबीर निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी.
- कांदे आणि बटाटे एकत्र ठेवू नका. दोन्ही हवेशीर, अंधाऱ्या जागी वेगवेगळे ठेवावेत.
- जुने पुढे, नवे मागे. धान्य, डाळी, दुधाच्या पिशव्या यांना हाच नियम लावावा.
- देणार असाल तर लगेच द्या. घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा इतर कुणाला अन्न द्यायचे असेल तर ते ताजे असतानाच, विचारून द्यावे. जे आपण आपल्या मुलाला वाढणार नाही ते दुसऱ्याच्या मुलासाठी देऊ नये.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

- गर्भवती: लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गर्भाला धोका पोहोचवू शकतो. ताजे अन्न किंवा वाफ येईपर्यंत गरम केलेले अन्न घ्यावे. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाऊ नयेत.
- पाच वर्षांखालील मुले: त्यांच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते. बाळाने अर्धवट टाकलेली पेज किंवा दूध पुन्हा देण्यासाठी ठेवू नये.
- ज्येष्ठ: वयानुसार वास आणि चव कमी कळते, तहानही कमी लागते. एकटे राहणारे आई-वडील एकदाच रांधून दोन दिवस खात असतील तर त्यांच्या डब्यांवर तारीख लिहून द्यावी आणि भेटीला गेल्यावर फ्रिज एकदा पाहावा.
- प्रतिकारशक्ती कमी असलेले: केमोथेरपी, किडनी किंवा यकृताचे आजार, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण. यांनी शक्यतो त्याच वेळचे अन्न खावे.

शिळ्या अन्नाने त्रास झाला तर

उलटी-जुलाब सुरू झाल्यास पहिला उपाय म्हणजे पाणी आणि क्षार भरून काढणे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, बहुधा १ लिटर पाण्यात, पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून निवलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी होत असेल तर घोट घोट द्यावे. कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस हा ओआरएसला पर्याय नाही. अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

पुढीलपैकी काही असल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे:

- शौचात रक्त, किंवा १०२ फॅरनहाइटहून जास्त ताप
- पाणीही पोटात टिकत नसणे
- ६ ते ८ तास लघवी न होणे, खूप झोपाळलेपणा, चक्कर, डोळे खोल जाणे
- अंधुक दिसणे, गिळता न येणे, हातपाय लुळे वाटणे
- प्रौढांमध्ये २ दिवसांहून जास्त जुलाब
- गर्भवती, लहान बाळ, ज्येष्ठ किंवा वर सांगितलेल्या आजारांचा रुग्ण

मधुमेह, रक्तदाब किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. खाणे बंद आणि गोळ्या चालू अशा स्थितीत साखर किंवा रक्तदाब घसरू शकतो आणि किडनीवर ताण येऊ शकतो. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. साखर तपासून डोस विचारावा.

नेहमीचे प्रश्न

शिळी पोळी दुधात खाल्ल्याने मधुमेह बरा होतो का?
नाही. पोळी किंवा भात थंड झाल्यावर त्यातील काही स्टार्च हळू पचणारा बनतो, पण हा फरक थोडा असतो. पोळीची संख्या आणि भाताचे माप हेच महत्त्वाचे आहे.

रात्री उरलेल्या भातात पाणी घालून बाहेर ठेवले तर चालेल का?
घरच्या उकाड्यात तो कोणत्या जंतूंनी आंबतो आहे हे सांगता येत नाही. भात फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ताजे ताक घालून खाणे जास्त सुरक्षित आहे. गर्भवती आणि आजारी व्यक्तींनी मात्र असा थंड भात टाळावा आणि ताजाच खावा.

फ्रिज नसेल तर?
एका वेळेपुरतेच शिजवावे. पोळी, भाकरी, कोरडी चटणी, भाजलेले दाणे यांसारखे कोरडे पदार्थ पुढच्या वेळेसाठी ठेवावेत. भात, वरण, दूध, मांस, मासे उरू देऊ नयेत.

शंका असेल तर खावे की टाकावे?
टाकावे, शक्य असल्यास खताच्या बादलीत. मग ते का उरले हे लक्षात ठेवून उद्या तेवढे कमी शिजवावे.